संताच्या हातातला राजदंड

दरवर्षी ३ डिसेंबर जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून जुन्या गोव्याच्या गाड्या ठरू लागतात. बेळगाव, सावंतवाडीकडून पायी निघणारेही असतात. बॉम जेझसमध्ये रांग हळूहळू पुढे सरकते, आपण मान उंच करून संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी पाहतो, कोणाच्या आजारासाठी, कोणाच्या नोकरीसाठी मागणे मागतो, आणि मागच्यांच्या रेट्याने पुढे ढकलले जातो. गोव्याचे लोक या संताला 'गोंयचो सायब' म्हणतात. त्या नावात निखळ भक्ती आहे. पण याच पेटीशी एक राजकीय गोष्टही जोडलेली आहे, आणि ती आपण मराठी माणसांनी इतिहासाच्या पुस्तकात दुसऱ्या बाजूने वाचलेली आहे.

नोव्हेंबर १६८३. छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेटावरचा किल्ला रात्रीत घेतला. जुवे म्हणजे राजधानीच्या अगदी समोर, मध्ये फक्त खाडीचे पाणी. त्या वेळचा विजरई होता आल्व्होरचा काउंट फ्रान्सिस्कु द ताव्होरा. तो स्वतः सैन्य घेऊन बेटावर उतरला, मार खाऊन, जखमी होऊन कसाबसा परत आला. शहर आता जाते असे सगळ्यांना वाटू लागले. तेव्हा हा विजरई बॉम जेझसमध्ये गेला, संताची पेटी उघडवली आणि आपला राजदंड, राजाने दिलेली नेमणुकीची पत्रे आणि राज्य संताच्या स्वाधीन करीत असल्याचा कागद त्या पार्थिव देहापाशी ठेवला. आता हे राज्य तुम्हीच सांभाळा, अशी विनवणी केली.

पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी मोगल फौज घेऊन कोकणाकडे उतरू लागला आणि महाराजांना मोहीम आवरती घ्यावी लागली. गोवे वाचले. श्रेय संताला दिले गेले. फौज मोगलांची होती, ही गोष्ट आभाराच्या मिस्सेत कशी सांगितली असेल कोण जाणे!

त्यानंतर एक प्रथा पडली. नवा गव्हर्नर आला की तो आपला दंड संताच्या समाधीपाशी जाऊन तिथून उचलायचा. वरवर पाहिले तर यात नम्रता दिसते. सत्ता माझी नाही, संताची आहे, असेच तो म्हणत असतो ना? पण जरा थांबून पाहावे. ज्याने संताच्या हातून दंड घेतला त्याला विरोध कोण करणार? त्याने कर वाढवला, गावची जमीन घेतली, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची? विजरईने संतावर विश्वास ठेवला हे खरे मानले, तरी भाबड्या प्रजेला त्यातून उलटाच धडा मिळाला: विजरईवर विश्वास ठेवा, कारण त्याच्या मागे संत आहे. पुढाऱ्यांवर श्रद्धा ठेवण्याचा मोह माणसाला बहुतेक वेळा असा देवाच्या दाराने येतो. सरळ समोरून आला तर आपण ओळखूही.

यातली खरी थट्टा वेगळीच आहे. ज्या संताच्या हातात हा राजदंड ठेवला, त्याने जिवंतपणी पोर्तुगालच्या राजसत्तेचा काय अनुभव घेतला होता, हे त्याच्याच पत्रांत लिहिलेले आहे. आल्व्होरच्या काउंटने ती पत्रे वाचली असती तर कदाचित पेटी उघडण्याचे धाडस केले नसते.

त्या काळची व्यवस्था आधी समजून घेऊ. तिला पाद्रोआदो म्हणत. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेचे आश्रयदातेपण दिले होते. बिशप कोण व्हावा हे राजा सुचवणार, चर्च बांधण्याचा, धर्मगुरूंच्या पोटाचा खर्च राजा करणार, आणि दशांशही राजाच गोळा करणार. शमुवेल संदेष्ट्याने इस्राएल लोकांना, राजा मागू नका, तो तुमची मुले नेईल, शेते नेईल, दशांश नेईल, असे बजावले होते. इथे तर दशांश नेण्याची सोय आधीच करून ठेवलेली! पण ही व्यवस्था कोणालाही हवीहवीशी वाटावी अशीच होती. खर्चाची चिंता नाही, संरक्षणाला तोफा, आणि वर राजा स्वतः भाविक. जुआंव तिसरा हा राजा खरोखरच श्रद्धावान होता. त्यामुळेच गोष्ट शिकण्यासारखी आहे. दुष्ट राजावर भरवसा ठेवू नये हे सांगायला शास्त्र कशाला हवे?

झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. बरोबर पोपने दिलेली प्रतिनिधीपदाची पत्रे होती, पाठीशी राजा होता. काही महिन्यांतच ते दक्षिणेला मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. हे लोक काही वर्षे आधी ख्रिस्ती झाले होते, आणि त्यामागे पोर्तुगीजांच्या संरक्षणाची आशा होती हे उघड आहे. संरक्षण किती मिळाले? १५४४ मध्ये त्यांच्यावर धाडी पडल्या, लोक जीव वाचवायला समुद्रातल्या खडकांवर जाऊन बसले, तहानेने, उन्हाने मेले. त्या दिवसांतली झेवियर यांची पत्रे तुतिकोरिनच्या पोर्तुगीज कप्तानावरच्या संतापाने भरलेली आहेत. कप्तानाचे लक्ष घोड्यांच्या व्यापारात होते.

त्याच सुमारास मन्नार बेटावरच्या नव्या ख्रिस्ती लोकांची जाफन्याच्या राजाने कत्तल केली. झेवियर हादरले. त्यांनी गव्हर्नरकडे धाव घेतली, आणि जाफन्यावर आरमार पाठवायचे ठरले. ते नागपट्टणला या मोहिमेची वाट पाहत थांबले. मोहीम निघालीच नाही. कारण? पेगूहून माल घेऊन येणारे एक पोर्तुगीज जहाज जाफन्याच्या किनाऱ्यावर अडकले आणि आतला माल तिथल्या राजाच्या हाती पडला. लढाई केली तर माल जाईल. म्हणून तलवारी म्यान झाल्या. एका जहाजाचा माल एका पारड्यात, मन्नारचे रक्त दुसऱ्यात. कोणते जड ठरले ते दिसलेच.

आम्हाला इथे एक गोष्ट लपवायची नाही. झेवियर या अनुभवाने लगेच शहाणे झाले असे नाही. १५४६ मध्ये त्यांनी अंबोनाहून राजाला लिहिले की गोव्यात धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, गरज आहे. ते त्यांच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये आले, मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले, आणि त्याने काय केले हे गोव्याच्या हिंदू घरांना आणि ख्रिस्ती घरांनाही विसरणे शक्य नाही. २० जानेवारी १५४८ रोजी कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी राजाला आणखी एक उपाय सुचवला: हिंदुस्थानात श्रद्धा वाढवण्याची जबाबदारी पाद्र्यांवर न टाकता गव्हर्नरवर टाका, त्याने ती पार पाडली नाही तर परतल्यावर त्याला तुरुंगात घाला, त्याची मालमत्ता जप्त करा. वाचताना आपल्याला कसेसेच होते. जो माणूस घंटा वाजवत गल्लीतून हिंडून मुलांना जमवत असे, त्यांना तालासुरात 'आमच्या बापा' शिकवत असे, तोच राजाला सांगतो की हे काम तुमच्या अधिकाऱ्याला धाक घालून करून घ्या. मोठ्या संतालाही हा मोह झाला. प्रार्थनेने आणि पायपिटीने जे हळूहळू होते ते हुकमाने झटपट होईल, हाच तो मोह. त्याच पत्रात मात्र त्यांच्या मनातली शंकाही डोकावते; हे घडेल याची त्यांना फारशी आशा नव्हती.

एका वर्षाने, २६ जानेवारी १५४९ रोजी, कोचीनहूनच त्यांनी राजाला पुन्हा लिहिले. आता सूर पूर्ण बदललेला आहे. अनुभवाने आपल्याला शिकवले आहे, असे ते सांगतात, की इथली संपत्ती गोळा करायला महाराजांची सत्ता पुरते, पण ख्रिस्ताची श्रद्धा वाढवायला ती पुरत नाही. आपण जपानला निघालो आहोत, जवळजवळ पळूनच चाललो आहोत, असेही ते लिहितात. जपानला राजाची तोफ नव्हती, किल्ला नव्हता. तिथे झेवियर दोन वर्षांहून अधिक राहिले, भाषा अडखळत शिकले, लोकांची हेटाळणी सोसली, आणि तिथल्या लोकांच्या बुद्धीवर, चौकसपणावर इतके खूश झाले की पुढेही ते त्यांच्याविषयी प्रेमाने बोलत.

शेवटचा घाव मलाक्क्यात बसला. १५५२ मध्ये त्यांना चीनला जायचे होते. दियोगु परैरा हा व्यापारी मित्र राजदूत म्हणून येणार, त्याचेच 'सांता क्रूझ' जहाज, गोव्याच्या विजरईची परवानगी, सगळे जुळले होते. मलाक्क्याचा कप्तान होता आल्व्हारु द आताइद, वास्को द गामाचा मुलगा. त्याने जहाजाचे सुकाणूच काढून घेतले आणि परैराला जाऊ देईना. दहा वर्षांत झेवियर यांनी पोपच्या प्रतिनिधीपदाचा बडेजाव कधी केला नव्हता. आता त्यांनी ती पत्रे बाहेर काढली, कप्तानाला बहिष्काराची शिक्षा कळवली. कप्तान हसला. पोपचे पत्र आहे, राजाचा आशीर्वाद आहे, विजरईचा हुकूम आहे, आणि बंदरावरचा एक माणूस नाही म्हणतो! सरकारी कचेरीत ज्यांनी हेलपाटे घातले आहेत त्यांना हा प्रसंग नीट कळेल.

जहाज पुढे गेले, पण कप्तानाच्या माणसांसह, परैराविना. झेवियर चीनच्या किनाऱ्यासमोरच्या सांचियन बेटावर उतरले, एका झोपडीत तापाने फणफणले, आणि ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे गेले. उशाशी अंतोनियु नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण होता. राजाचा कोणी नव्हता. १५५४ च्या मार्चमध्ये त्यांचा देह गोव्याला आला तेव्हा मात्र विजरईसह सगळे शहर किनाऱ्यावर हजर होते.

म्हणून १६८३ चा तो राजदंड आम्हाला खटकतो. आणि त्याच विजरईची पुढच्या वर्षीची कृती आणखी खटकते. १६८४ च्या जूनमध्ये आल्व्होरच्या काउंटने फर्मान काढले: स्थानिक लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडावी आणि पोर्तुगीजमध्ये बोलावे, धर्मशिक्षणही पोर्तुगीजमध्येच व्हावे. ज्या भूमीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, त्या भूमीत हे फर्मान. दंड संताच्या पायाशी ठेवणारा हात आणि बायामाणसांच्या तोंडची प्रार्थनेची भाषा काढून घेणारा हात एकच होता, आणि मध्ये सात-आठ महिन्यांचे अंतर.

दुसऱ्या बाजूलाही असाच मोह होता. दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो हे बुद्धिमान तरुण, पण स्थानिक म्हणून गोव्याच्या आर्चबिशपने त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा नाकारली. ते रोमला गेले, तिथे दीक्षा मिळाली, आणि १६३७ मध्ये ते बिशप झाले. लॅटिन विधीत हिंदुस्थानी माणूस बिशप होण्याची ती पहिलीच वेळ. आदिलशाहीतल्या ख्रिस्ती लोकांची जबाबदारी त्यांना मिळाली आणि ते डिचोलीला येऊन राहिले. त्यांच्यावरचा अन्याय खरा होता, राग न्याय्य होता. पण त्या रागात त्यांनी विजापूरच्या दरबारावर आणि डच लोकांवर भरवसा टाकला, गोव्यातल्या आपल्या लोकांना उठावासाठी चिथावणारे पत्र १६५३ मध्ये लिहिले. पुढच्या वर्षी विजापूरची फौज आली आणि हात हलवत परत गेली. कास्त्रो अखेर रोममध्येच राहिले आणि १६७७ मध्ये तिथेच वारले. जुना धनी नको म्हणून नवा धनी शोधला. धनी शोधण्याची सवय मात्र सुटली नाही. तरीही आम्हाला या माणसाबद्दल कणव वाटते. ज्याला घरच्यांनी दार लावले तो शेजाऱ्याचे दार ठोठावणारच.

राजाच्या आश्रयाचा शेवट काय झाला ते थोडक्यात सांगतो, कारण ते दुःखद असले तरी लांबलचक नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. राजाची माणसे गलबतांत बसून गेली. वसईच्या गावांतले ख्रिस्ती शेतकरी नव्या राजवटीत तिथेच राहिले, आणि त्यांची श्रद्धा आजही तिथे नांदते आहे. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या मंत्र्याने, पोंबालने, राजाच्या सहीने येशूसंघाला हद्दपार केले. झेवियर यांच्या पेटीची राखण करणाऱ्या त्यांच्याच संघबंधूंना गोव्यात पकडून जहाजात घातले गेले. त्याच वर्षी जानेवारीत राजावर हल्ल्याच्या आरोपावरून ताव्होरा घराण्यातल्या लोकांना लिस्बनमध्ये हालहाल करून मारले. त्यांत गोव्यात १७५० ते १७५४ विजरई असलेला फ्रान्सिस्कु द असिस द ताव्होरा होता. आल्व्होरच्या काउंटचेच घराणे! त्याच्यासाठी कोणत्या संतापुढे कोणी दंड ठेवला असेल?

येशूसंघाचे लोक गेल्यावर अफवा उठली की जाताना त्यांनी संताचा देहही पळवला. ती खोडून काढायला १७८२ मध्ये देह लोकांना दाखवावा लागला. आज आपण ज्या जाहीर दर्शनाला जातो त्याची सुरुवात अशी आहे. पुढे १८३४ मध्ये लिस्बनच्या सरकारने पुरुषांचे सगळे धर्मसंघ बंद केले, पुढच्या वर्षी गोव्यातले मठ रिकामे झाले. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन मठाचा अर्धा उरलेला बुरूज आपण पाहतो, मुले त्याच्यापुढे फोटो काढतात. तो मठ मराठ्यांनी किंवा मोगलांनी पाडलेला नाही. आश्रयदात्याच्या कागदाने तो ओसाड पडला आणि पावसाने खाली आणला.

मग आजचे काय? निवडणूक जवळ आली की आपल्या फेस्ताला पाहुणे वाढतात. स्मशानभूमीच्या कुंपणाचे, सभागृहाच्या पत्र्यांचे आश्वासन मिळते. आपण हार घालतो, व्यासपीठावर वेदीच्या अगदी जवळ खुर्ची मांडतो. आपण संख्येने थोडे, सीमेवरचे, कुठल्या एका राज्यात पुरते न मावणारे. आपला कोणीतरी वर असावा असे वाटणे समजण्यासारखे आहे. मत द्यावे, विचारपूर्वक द्यावे. कुंपण मागावे, कारण ते नागरिक म्हणून आपले आहे. संत पौलाने आपले रोमी नागरिकत्व ठणकावून सांगितले आणि कैसराकडे दाद मागितली. पण त्याने कैसराला खुर्ची मांडून दिली नाही, आणि मंडळ्यांना पत्रे लिहिताना कैसरावर विसंबा असेही सांगितले नाही. दाद मागणे निराळे, आसरा मानणे निराळे. १४६ वे स्तोत्र मिस्सेत आपण अनेकदा गातो. अधिपतींविषयी त्यात जे आहे ते गाताना पहिल्या बाकावर कोण बसले आहे याची आपल्याला अडचण वाटू नये, एवढे तरी जपता येईल.

याच गोव्याने, आणि त्याच वर्षांत, दुसरा रस्ताही पाहिला होता. भाषेचे फर्मान निघाले तेव्हा बाणावलीत जन्मलेले फादर जुझे वाझ कानडा मुलखातले काम आटोपून गोव्याला परतत होते. त्यांच्या मनात सिलोन होते. तिथून पोर्तुगीजांना डच लोकांनी १६५८ मध्ये पुरते हुसकावले होते. राजाचे किल्ले गेले तसे राजाच्या खर्चाने आलेले धर्मगुरूही गेले. सुमारे तीस वर्षे तिथल्या कॅथलिकांना ना मिस्सा, ना पापनिवेदन. डच राजवटीत कॅथलिक धर्मगुरूला आसरा देणे हा गुन्हा होता. वाझ यांनी ना आरमार मागितले, ना दूतपद. कँडीच्या राजाकडे ते पुढे पोहोचले तेव्हाही पहिली काही वर्षे पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैदेतच गेली. राजाश्रयाची सावली, ती मागितली नसतानाही, त्यांच्यावर अशी पडली. त्या बौद्ध राजाने नंतर त्यांना मोकळीक दिली. देवीच्या साथीत लोक रोग्यांना रानात टाकून जात होते, तेव्हा वाझ आणि त्यांचा सोबती त्यांना उचलून आणत, धूत, खाऊ घालत. राजाने ते पाहिले. वाझ यांनी त्याचे आभार मानले, आणि शेवटपर्यंत, १७११ पर्यंत, आपले काम करीत राहिले.

पण सुरुवात १६८७ ची आहे. तुतिकोरिनहून, त्याच परवरांच्या किनाऱ्यावरून, ते मजुराच्या वेशात जहाजावर चढले. वादळ, उपास आणि तापाने अर्धमेले होऊन जाफन्याला पोहोचले. त्याच जाफन्याला, जिथे झेवियर यांच्या वेळी मालाच्या हिशेबापायी राजाचे आरमार आले नव्हते. रस्त्याकडेला पडलेल्या या परक्या माणसाला कोणा बाईने पेज पाजली. उठून उभे राहता येऊ लागल्यावर त्यांनी गळ्यात मोठी रोझरी घातली आणि भीक मागत दारोदार फिरू लागले. भिकाऱ्याच्या गळ्यातल्या त्या माळेकडे कोणत्या घरात कोणाची नजर थबकते, हे ते पाहत होते. एक एक करून दारे उघडू लागली.